एकच प्रकरण, पाच तास: सांगून टाकावं की गप्प बसावं?

शाईचा_डाग

(खाली एका कादंबरीतली थोडी गोष्ट फुटते. नंतर भांडू नका.)

मी सातवीला इंग्रजी शिकवते. पाच तुकड्या आहेत, म्हणजे एकच प्रकरण दिवसातून पाच वेळा. पहिल्या तासाला उत्स्फूर्त सुचलेला विनोद पाचव्या तासापर्यंत मलाच ऐकवत नाही.

सध्या लोइस लाउरी यांची 'द गिव्हर' चालू आहे. कादंबरी १९९३ची, पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी पदक (अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार) मिळालं. जोनस नावाचा मुलगा बारा वर्षांचा व्हायच्या बेतात आहे. त्याच्या समाजात भांडण नाही, भूक नाही आणि निवडही नाही. बारावं लागलं की तुम्ही आयुष्यभर कोणतं काम करायचं ते समितीच ठरवते. माझी मुलंही बारा वर्षांचीच, त्यामुळे हा भाग त्यांना फार समजावून सांगावा लागत नाही.

काल तिसरं प्रकरण होतं. त्यात जोनस आणि त्याचा मित्र सफरचंद फेकाफेकी खेळत असतात. हवेत असताना ते सफरचंद क्षणभर 'बदलतं'. काय बदललं ते जोनसलाच कळत नाही. तो ते चोरून घरी नेतो, भिंगाखाली बघतो. मग लाउडस्पीकरवरून सूचना येते की खाऊ घरी न्यायचा नसतो. नाव कोणाचंच घेतलेलं नसतं, पण ज्याला कळायचं त्याला कळतं. (इथे पाचही वर्ग हसले. शाळेतल्या मुलांना ही पद्धत पाठ आहे.)

पहिला आणि दुसरा तास नेहमीसारखे गेले. तिसऱ्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा पुस्तकाखाली वही ठेवून चित्र काढत होता. मी रागवायला म्हणून जवळ गेले, तर त्यानेच मान वर करून विचारलं, "मॅडम, याच्या शर्टाचा रंग कोणता?"

मी म्हटलं, असेल कुठेतरी, शोध. खरं सांगायचं तर त्याला कामाला लावून सुटका करून घेतली. दहा मिनिटांनी त्याने हात वर केला. "शर्टाचा नाही दिलाय. सफरचंदाचापण नाही. डोळेसुद्धा नुसते फिकट आणि गडद. यांच्याकडे रंगच नाहीत का?"

ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांना कळेल मला काय झालं असेल. हे गुपित पुस्तक बाराव्या प्रकरणात उघडतं. या पोराला ते तिसऱ्यातच सापडलं, तेही रंगपेटी उघडून बसल्यामुळे. वर्गात आधी शांतता, मग सगळे भराभर पानं उलटायला लागले. इतकी वर्षं शिकवतेय, असे तास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता माझा घोटाळा. चौथ्या तासाला मला राहवलं नाही. मी म्हटलं, "लक्षात आलं का, इथे कुठेच रंग नाही सांगितलेला?" मुलं "हो का" म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. एकीने विचारलं, "हे परीक्षेला आहे का?" झालं, विषय तिथेच संपला.

म्हणून पाचव्या तासाला तोंड बंद ठेवलं. कोणालाही काहीही सापडलं नाही. घंटा झाली, सगळे गेले.

सांगितलं तर मेलं, नाही सांगितलं तर जन्मालाच आलं नाही. तुम्ही काय केलं असतंत?

वाचीनवाचीन

ताई!!! मी हे पुस्तक पुढच्या महिन्यात वाचणार होतो!

तिरकस

@वाचीनवाचीन, पुस्तक येऊन तीस वर्षं उलटली. अजून किती दिवस थांबायचं होतं लोकांनी?

वाचीनवाचीन

पहिल्या ओळीत इशारा होता, मान्य. पण इशारा वाचल्यावर थांबतं कोण?

निवृत्त_छडी

शिक्षकाने सांगायचं असतं. त्यालाच शिकवणं म्हणतात. मी एकतीस वर्षं शिकवलं आणि 'मुलांना स्वतः सापडू द्या' ही टूम चार वेळा आलेली आणि चार वेळा गेलेली पाहिली. तुमच्या त्या चित्रकाराला सापडलं, उत्तम. बाकी चार वर्गांचा काय गुन्हा? तुम्ही गप्प बसलात की हुशाराला मिळतं आणि बाकीचे कोरडे राहतात. चौथ्या तासाला तुम्ही बरोबर केलंत. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून ते चुकीचं ठरत नाही.

पानगळ

छडीकाका, मान राखून असहमत. सांगितलेला विनोद आणि समजावून सांगितलेला विनोद यांत जो फरक असतो, तोच इथे आहे.

जाता जाता, 'मॅडम, हे परीक्षेला आहे का' हे वाक्य जगातल्या प्रत्येक भाषेत एकाच सुरात म्हणत असणार.

आईची_वही

पालक म्हणून लिहिते. माझ्या मुलाला हीच कादंबरी आहे (वेगळी शाळा). त्याला शेवट माहीत आहे, मध्यवर्ती कल्पना माहीत आहे, रंगांचं प्रतीक काय तेही घडाघडा सांगतो. पुस्तक उघडलेलं नाही. चॅटबॉटला विचारून प्रत्येक प्रकरणाचा पाच ओळींचा सारांश घेतो आणि गृहपाठाला पैकीच्या पैकी मिळवतो. रागवायला गेले तर म्हणतो, "प्रश्नांची उत्तरं येतात ना?"

त्याच्यावर चिडू की प्रश्नांवर, ते मला अजून कळलेलं नाही.

तिरकस

मुलगा वकील होणार. अभिनंदन.

तळटीप

आईची_वही, तुमच्या मुलाच्या वाक्याला एक जुनं नाव आहे. लुईझ रोझेनब्लॅट म्हणून अभ्यासक होत्या, त्यांनी १९७८च्या पुस्तकात वाचनाचे दोन प्रकार सांगितले. एकात वाचून झाल्यावर हातात काय उरतं याच्याशीच मतलब असतो. दुसऱ्यात वाचत असताना आपल्या आत काय चाललंय ते महत्त्वाचं. पहिल्यासाठी त्यांचं उदाहरण असं: मुलाने विषारी औषध प्यायलंय आणि आई बाटलीवरचं लेबल वाचतेय. तिला भाषेचं सौंदर्य नकोय, उतारा हवाय.

आपण कादंबरी हातात देतो आणि प्रश्न बाटलीवरच्या लेबलासारखे विचारतो. 'जोनसच्या मित्राचे नाव काय?' मग पोरगं लेबल वाचायचा सर्वांत जलद मार्ग शोधणार, त्यात नवल काय.

शाईचा_डाग

तळटीप, कबूल. माझ्याही प्रश्नपत्रिकेत 'असे कोण कोणास म्हणाले' आहे. तपासायला सोपं जातं. पाच तुकड्यांच्या उत्तरपत्रिका घरी आणल्या की आदर्श वगैरे दाराबाहेर चपलांपाशी राहतात.

गोगलगाय

जरा वेगळं विचारते. वर्गात मोठ्याने वाचून घेता का? एकेक परिच्छेद एकेकाने, रांगेने?

विचारायचं कारण, मी अडखळत बोलते. आता बरंच कमी आहे, सातवीत फार होतं. रांगेने वाचन सुरू झालं की मी मोजायला लागायचे. माझ्या पुढे सहा जण, म्हणजे माझा सातवा परिच्छेद. तो शोधायचा, त्यात आपल्याला न येणारी अक्षरं कुठे आहेत ते बघायचं, मनात पंधरा वेळा म्हणायचं. मधल्या सहा परिच्छेदांत कोण मेलं, कोण जगलं, मला पत्ता नसायचा. आणि पुढचा एखादा मुलगा गैरहजर असला की सगळं गणित कोसळायचं.

अख्खी कादंबरी अशी 'वाचली'. मला तिच्यातला फक्त प्रत्येक सातवा परिच्छेद येतो.

पानगळ

शेवटचं वाक्य वाचून हसू का रडू कळेना.

नुसता_बघ्या

मी अडखळत नव्हतो तरी मोजायचो. मला वाटायचं मी एकटाच.

कोरी_पाटी

मीही.

उलटतपासणी

मीही, आणि आज मी स्वतः शिक्षक आहे. रांगेचं वाचन पहिल्याच वर्षी बंद केलं. आता मी वाचतो, मुलं पुस्तकात बघत ऐकतात, ज्यांना वाचायचंय ती आदल्या दिवशी नाव देतात आणि घरून तयारी करून येतात. पहिला महिना तीनच नावं आली. आता पाळ्या लावाव्या लागतात.

शाईचा_डाग

गोगलगाय, मी रांगेने घेत नाही, पण 'कोण वाचेल?' म्हणून मधूनच कोणाकडे तरी बोट दाखवते. तुमचं वाचून त्या बोटाची लाज वाटली. उलटतपासणींची पद्धत उद्यापासून उचलते.

निवृत्त_छडी

मोठ्याने वाचायची भीती मोठ्याने वाचूनच जाते. आम्ही नाही वाचलं?

गोगलगाय

काका, माझी नाही गेली. शाळा सुटली, तेव्हा गेली.

निवृत्त_छडी

बरं. तुमच्या बाबतीत शब्द मागे घेतो.

तिरकस

छडीकाकांनी शब्द मागे घेतला! तारीख लिहून ठेवा.

करडा_कावळा

पहिल्यांदाच लिहितोय, एरवी वाचनमात्र असतो. मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. जन्मजात आहे. पुरुषांमध्ये हे फारसं दुर्मीळ नाही, बायकांमध्ये बरंच कमी. कारण बिघडलेलं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि आपल्याकडे ते एकच. बायकांकडे दोन असतात, आपल्याकडे जादाचं चाक नाही.

लहानपणी घरी कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मी रंगीत खडूवरच्या कागदावरचं नाव वाचून रंगवायचो. सगळ्यांची तीच पद्धत असेल असं वाटायचं. एकदा कोणीतरी कागद सोलून टाकलेले खडू दिले आणि मी चॉकलेटी गवतावर हिरवी गाय उभी केली. बाई म्हणाल्या, "छान, कल्पक आहेस." त्यानंतर दोन वर्षं मी 'कल्पक' होतो.

'द गिव्हर' मोठेपणी वाचलं. लोकांना रंगांचा खुलासा वाचून धक्का बसतो म्हणतात. मला धक्का बसला तो त्या सफरचंदाच्या पानावर. काहीतरी बदललं, काय ते सांगता येत नाही, इतरांना दिसत नाही, भिंग लावून उपयोग नाही. हे मला फार ओळखीचं होतं, फक्त उलट बाजूने.

ताई, एक विचारू? त्या मुलाचे डोळे तपासलेत का कधी? रंगाचं नाव विचारून घ्यायची सवय मलाही होती.

शाईचा_डाग

करडा_कावळा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मलाही क्षणभर ती शंका आली, पण नाही. चित्रकलेच्या बाईंशी बोलले. तो रंगांच्या बाबतीत सगळ्यांत चोखंदळ आहे म्हणे, निळ्याच्या पाच छटा वेगळ्या ओळखतो. म्हणूनच बहुतेक त्याचं अडलं. आम्ही बाकीचे आपापल्या डोक्यातला कुठलाही शर्ट घालून पुढे गेलो, त्याला नेमकाच हवा होता.

तळटीप

यावरून आठवलं. १९८८मध्ये रेख्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि खेळाडूंच्या बाहुल्या मैदानाच्या नमुन्यावर हलवून 'काय झालं ते दाखवा' म्हणाले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. कोण 'चांगला वाचक' हे पुस्तकात काय आहे त्यावरही ठरतं. तुमचा चित्रकार एरवी इंग्रजीत कसा आहे?

शाईचा_डाग

एरवी? काठावर पास. म्हणून तर सांगतेय.

वाचीनवाचीन

मघापासून ठरवतोय की धागा वाचायचा नाही.

उलटतपासणी

मूळ प्रश्नाकडे येतो. ताई, पाचव्या तासाला तुम्ही गप्प बसलात म्हणता, म्हणजे नेमकं किती वेळ? थट्टा नाही, खरंच विचारतोय. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, १९७४मध्ये त्यावर लेख आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात, मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तेच तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात.

मी हे वाचून स्वतःचा तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला. मला वाटत होतं मी भरपूर थांबतो. दीड सेकंद! मग ठरवून तीन मोजायला लागलो. वर्गात तीन सेकंद म्हणजे काय ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

शाईचा_डाग

अहो, मी पाचव्या तासाला प्रश्नच विचारला नाही! नुसतं प्रकरण वाचलं आणि आशेने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिरकस

पोरं घरी सांगत असतील, "आज मॅडम विचित्र बघत होत्या."

पानगळ

मला वाटतं सांगणं आणि गप्प बसणं यांच्या मध्ये बरीच जागा आहे. तिसऱ्या तासाला तुम्ही तरी कुठे गप्प होतात? 'असेल कुठेतरी, शोध' म्हणालात. उत्तर दिलं नाहीत, काम दिलंत. भले सुटका करून घ्यायला दिलं असेल. मग तेच काम बाकीच्यांना द्या की. पाचव्या तुकडीला म्हणा, सफरचंदाचा प्रसंग रंगवा, पुस्तकात जसा आहे तसा.

निवृत्त_छडी

म्हणजे सापळा. मुलांना वाटणार आम्हाला सापडलं, आणि मॅडमनी आधीच पुरून ठेवलेलं. यापेक्षा सरळ सांगणं प्रामाणिक.

पानगळ

काका, पुरून लेखिकेने ठेवलंय. मॅडम फक्त फावडं देतायत.

निवृत्त_छडी

फावडं चालेल. पण कोणालाच सापडलं नाही तर? तेव्हा सांगा म्हणजे झालं. एवढंच म्हणणं.

कोरी_पाटी

एक शंका. तिसऱ्या तासाच्या अख्ख्या वर्गाला कळलंय ना? मधल्या सुट्टीत फुटलं नाही?

शाईचा_डाग

मलाही हीच धाकधूक होती. पण बारा वर्षांच्या मुलांना मधल्या सुट्टीत कादंबरीपेक्षा मोठे विषय असतात. कोण कोणाशी बोलत नाही, का बोलत नाही, आणि ते कोणी कोणाला सांगितलं.

पानगळ, चित्राचं उद्या करून बघते.

नुसता_बघ्या

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आईची_वही

अवांतर: काल रात्री मुलाला म्हटलं, सारांश राहू दे, तिसरं प्रकरण मी वाचते, तू फक्त ऐक. बारा वर्षांचा घोडा, आधी लाजला. मग पांघरूण घेऊन आडवा झाला. सफरचंद बदललं तिथे म्हणाला, "हे नव्हतं सारांशात." मी म्हटलं, काय नव्हतं? तर म्हणाला, "म्हणजे होतं. पण असं नव्हतं."

आज चौथं प्रकरण मागितलंय.

गोगलगाय

वा! वाचून दाखवायची सवय मोडू नका. मी अजून माझ्या बहिणीकडून वाचून घेते. अडखळते म्हणून नाही हं, तिचा आवाज छान आहे म्हणून.

शाईचा_डाग

आले. अहवाल.

पाचव्या तुकडीला वीस मिनिटं, कोरा कागद, रंगपेट्या. सांगितलं एवढंच की सफरचंदाचा प्रसंग काढा, पुस्तक उघडं ठेवा, जे पुस्तकात आहे तेच. आणि मग उलटतपासणींना स्मरून ओठ शिवले.

वर्गात २६ मुलं. २३ जणांनी सफरचंद लाल केलं. पुस्तक समोर उघडं होतं, एकदाही विचारावंसं वाटलं नाही. दोघांनी हिरवं केलं. मी एकाला विचारलं, हिरवं कुठून आलं? म्हणाला, "मला हिरवं आवडतं." एकीने ते कोरंच ठेवलं होतं. माझं काळीज धडधडायला लागलं. हळूच जवळ जाऊन विचारलं, "का गं, रंगवलं नाहीस?"

"लाल पेन्सिल हिने घेतली ती देतच नाहीये."

तिरकस

हाहाहाहा. शिक्षण क्षेत्राचा सारांश.

तळटीप

पण ताई, हे २३ लाल म्हणजे सोनं आहे. पुस्तकात नसलेलं मुलांनी स्वतःच्या खिशातून घातलं आणि त्यांना कळलंही नाही.

निवृत्त_छडी

म्हणजे सापडलं नाही. आता सांगितलंत ना?

शाईचा_डाग

नाही काका, सांगितलं नाही. रागावू नका. चित्रं मागच्या भिंतीवर टांगली, शेजारी शेजारी, २६च्या २६. बारावं प्रकरण येईपर्यंत ती तिथेच राहतील. त्या दिवशी पान वाचून झालं की मी फक्त भिंतीकडे बघणार आहे. तरीही कोणाच्या लक्षात आलं नाही तर तुमचं ऐकेन, सरळ सांगून टाकेन.

चौथ्या तुकडीचं मात्र मी घालवलं. त्यांना ते परत देता येणार नाही, त्याची चुटपुट आहे.

करडा_कावळा

चौथ्या तुकडीला विचारून बघा, रंग नसताना पिकलेलं सफरचंद कसं ओळखाल? मी दाबून आणि वास घेऊन ओळखतो. त्यांना 'रंग नाहीत' हे माहीत झालंय, पण तसं जगायचं कसं हे कुठे माहीत आहे?

शाईचा_डाग

हे आत्ता उद्याच्या वहीत लिहिलं. चौथ्या तासासाठी. तुमचं नाव न घेता तुमची हिरवी गाय सांगितली तर चालेल?

करडा_कावळा

चालेल. गवत चॉकलेटी होतं, तेही सांगा.

कोरी_पाटी

आणि तो तिसऱ्या तासाचा चित्रकार? त्याने भिंत पाहिली?

शाईचा_डाग

पाहिली. शाळा सुटल्यावर दप्तर विसरलं म्हणून आत आला होता. सगळी चित्रं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली. कोऱ्या सफरचंदापाशी थांबला आणि म्हणाला, "हिला कळलं?" मी म्हटलं, नाही रे, लाल पेन्सिल मिळाली नाही. जोरात हसला. मग दारापर्यंत गेला, परत वळला आणि म्हणाला, "मी कोणाला नाही सांगणार."

पानगळ

बाराव्या प्रकरणाच्या दिवशी धागा वर काढा ताई.

वाचीनवाचीन

पुस्तक आणलं. तिसऱ्या प्रकरणावर आहे. सगळं माहीत असूनही सफरचंद डोक्यात लालच येतंय, काय करू?